ट्रॅक डे आणि ऑटोक्रॉससाठी टायर कसे निवडावेत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी हौशी चालक आहे. बक्षिसांसाठी पळत नाही, टायर विकतही नाही. पण पॅडॉकमध्ये (ट्रॅकशेजारी गाड्या उभ्या करायच्या जागेत) गुडघे टेकून टायरची हवा तपासत असलो की शेजारी कोणीतरी येऊन उभं राहतं आणि विचारतं. त्यातले नेहमीचे प्रश्न आणि माझी उत्तरं इथे एकत्र केली आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण ते धडे मला टायर घालवून मिळाले.

सगळ्यात जास्त पकड देणारा टायर कोणता?

हा प्रश्न सगळ्यात आधी येतो. मी उलट विचारतो: तुमची गाडी एका दमात किती वेळ पळणार आहे?

ऑटोक्रॉसमध्ये मोकळ्या जागेत कोन्स मांडून आखलेला मार्ग असतो आणि एक फेरी साधारण मिनिटभरात संपते. मग पुढच्या फेरीपर्यंत गाडी रांगेत उभी. ट्रॅक डेला, म्हणजे आपली गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर पळवायच्या दिवशी, एक सेशन पंधरा मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत चालतं आणि त्यात टायरला उसंत अशी नसतेच. पहिल्या ठिकाणी टायर नीट तापायच्या आत खेळ आटोपतो. दुसऱ्या ठिकाणी तापलेला टायर आवरायचा कसा, ही चिंता.

रबर गार असताना कडक असतं आणि डांबरावरून घसरतं. तापलं की मऊ होतं, डांबरातल्या खडीच्या बारीक उंचसखल भागात घुसतं, आणि पकड येते. त्याहून तापलं की टायर बुळबुळीत होतो: स्टिअरिंग हलकं लागतं, गाडी वळणात नाक बाहेर काढते, आणि कालपर्यंत सहज जमणारं वळण आज रुंद होत जातं. रस्त्यावर चालणाऱ्या चिकट टायरांचा कामाचा पट्टा ढोबळमानाने ७० ते ९५ अंश सेल्सिअस धरा. एखादा टायर तिथे दोन वळणांत पोचतो आणि तितक्याच लवकर त्यापलीकडे जातो. दुसरा सावकाश पोचतो, पण अर्धा तास तिथेच तग धरतो. दोघांपैकी ‘जास्त चांगला’ कोणता, हे तुमच्या फेरीच्या लांबीवर ठरतं.

मग दोन्हींसाठी एकच टायर चालणारच नाही का?

चालतो. हौशी माणसाने सुरुवातीला एकच ठेवावा. फक्त तडजोड कुठे होते आहे ते ठाऊक असू द्या. ट्रॅकवर तग धरणारा टायर घेतलात तर ऑटोक्रॉसच्या पहिल्या फेरीत तो थोडा निबर वाटेल. उलट केलंत, तर ट्रॅकवर तिसऱ्या-चौथ्या लॅपनंतर एक लॅप सावकाश मारून टायरला श्वास घेऊ द्यावा लागेल.

पहिल्यांदाच जातोय. गाडीवर आत्ता आहेत तेच टायर चालतील?

हो, आणि तेच चालवा. अट एवढीच की ते सुस्थितीत हवेत: पुरेशी नक्षी, साइडवॉलला (टायरच्या बाजूच्या भिंतीला) फुगवटा किंवा चीर नाही, पंक्चरची दुरुस्ती खांद्याजवळ (नक्षीच्या कडेला) नाही, वय फार नाही.

साध्या टायरची पकड कमी असते, पण तो बोलतो. मर्यादा जवळ आली की आधी कुरकुरतो, मग किंचाळतो, आणि पकड सुटते तीही हळूहळू. वेग कमी असल्याने चूक झाली तरी सावरायला वेळ मिळतो. चिकट टायर गप्प राहतो, बराच वेळ सगळं सहन करतो आणि मग सोडतो तेव्हा बऱ्याच जास्त वेगात सोडतो. शिवाय तो तुमच्या चुका झाकतो. ब्रेक उशिरा मारलात, वळणात लवकर शिरलात, तरी निभावून नेतो, आणि तुम्हाला वाटतं आपल्याला जमलं. निदान चार-पाच दिवस साध्या टायरवर काढा. तो किंचाळायला लागल्यावर स्टिअरिंग आणखी न वळवता थोडं सैल सोडायचं असतं, एवढं जरी हाताला कळलं तरी पैसे वसूल.

टायरवर ‘ट्रेडवेअर २००’ लिहिलेलं असतं. ते नेमकं काय?

अमेरिकेतल्या यूटीक्यूजी या प्रतवारीचा तो भाग. ठरवून दिलेल्या एका प्रमाण टायरला १०० धरतात आणि त्याच्या तुलनेत तुमचा टायर किती झिजला ते पाहतात. चाचणी साध्या रस्त्यावर होते, सुमारे ११,६०० किलोमीटर, गाड्यांच्या ताफ्यात, सौम्य चालीने. २०० म्हणजे कागदोपत्री प्रमाण टायरच्या दुप्पट टिकणारा.

त्यातली मेख अशी की अंतिम आकडा टायर बनवणारी कंपनी स्वतःच जाहीर करते. चाचणीत निघाला त्यापेक्षा कमी आकडा छापायलाही तिला आडकाठी नसते. त्यामुळे एका कंपनीचा २०० आणि दुसरीचा २०० यांची थेट तुलना करू नका. तरीही हा आकडा आपल्या जगात महत्त्वाचा झाला, कारण अनेक हौशी स्पर्धांच्या नियमांत रस्त्यावरच्या टायरांची हद्द त्यावरूनच आखली जाते. अमेरिकेतल्या एससीसीए (स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका) या क्लबच्या ऑटोक्रॉसमध्ये स्ट्रीट वर्गासाठी किमान २०० लागतात. कंपन्यांनी मग नेमका २०० छापलेला, पण वागायला शर्यतीच्या जवळ जाणारा टायर काढायला सुरुवात केली. आज ‘२००वाले’ म्हणून ज्यांची ओळख आहे तो सगळा कळप या एका नियमाभोवती जमला आहे.

त्याच ओळीत ‘ट्रॅक्शन’ची श्रेणीही असते: एए, ए, बी, सी. ती ओल्या पृष्ठभागावर सरळ रेषेत, चाक जाम करून मोजलेली असते. कोरड्या वळणातल्या पकडीशी तिचा काहीही संबंध नाही. ती पाहून ट्रॅकचा टायर निवडणं म्हणजे पोहण्याच्या निकालावरून धावपटू निवडणं.

ढोबळ वर्ग किती आणि कोणते?

रोजच्या वापराला जवळचा वर्ग म्हणजे उच्च क्षमतेचे उन्हाळी टायर, उदाहरणार्थ मिशलिन पायलट स्पोर्ट ४एस (ट्रेडवेअर ३००) किंवा कॉन्टिनेंटलचा एक्स्ट्रीमकॉन्टॅक्ट स्पोर्ट ०२ (३४०). पावसात उत्तम, आवाज कमी, आणि अधूनमधून ट्रॅकवर गेलं तरी चालतं. मात्र नक्षी खोल असल्याने सलग जोरात चालवलं की नक्षीचे ठोकळे डुलतात, तापतात, आणि कडेने त्यांचे तुकडे निघू लागतात.

त्यापुढे २००वाले. इथे स्वभावात खरा फरक दिसतो. योकोहामा ॲडव्हान ए०५२ आणि ब्रिजस्टोन पोटेन्झा आरई-७१आरएस पटकन तापतात आणि जबरदस्त पकड देतात, म्हणून ऑटोक्रॉसवाल्यांचे लाडके. ए०५२ तर इतका लवकर तापतो की एकाच गाडीवर दोन चालक आळीपाळीने पळत असतील तर फेऱ्यांच्या मधे त्यावर पाणी फवारताना लोक दिसतात. दुसऱ्या टोकाला हँकूक व्हेंटस आरएस४. शिखराची पकड जरा कमी, पण तास-तास चालणाऱ्या हौशी एन्ड्युरन्स शर्यतींत त्याचं नाव आहे. फाल्कन अझेनिस आरटी६६० यांच्या मधे कुठेतरी बसतो.

त्यानंतर शंभराच्या आसपासचे किंवा खालचे: टोयो आर८८८आर, निट्टो एनटी०१, नानकांग एआर-१. रस्त्यावर नेण्याची परवानगी असलेले, पण मनाने ट्रॅकचे. शेवटी हूझियरचे ए७ आणि आर७, दोन्हींचा ट्रेडवेअर ४०. या जोडीकडे मुद्दाम पाहा. एकाच कंपनीचे, दिसायला जुळे, पण ए७ लवकर तापणारा म्हणून ऑटोक्रॉससाठी आणि आर७ लांब सेशन सोसणारा म्हणून सर्किटसाठी. वर फेरीच्या लांबीबद्दल जे लिहिलं ते इथे कंपनीनेच दोन साच्यांत ओतून दाखवलं आहे.

थेट सेमी-स्लिक (जेमतेम नक्षीचे, ट्रॅकसाठीचे चिकट टायर) घेतले तर लवकर शिकता येईल ना?

नाही. चिकट टायर चुका झाकतो, हे कारण वर दिलं आहे. त्यात आणखी एक भर: पकड वाढली की बाकी गाडीवर ताण वाढतो. ब्रेक अधिक तापतात, व्हील बेअरिंग आणि बुश लवकर जातात, लांब वळणात इंजिनातलं तेल एका बाजूला सरकून पंपाला मिळेनासं होऊ शकतं. टायर बदलला की गाडीची पुढची कमकुवत कडी उघडी पडते.

जितका रुंद टायर तितकी जास्त पकड, बरोबर?

अर्धं बरोबर. जमिनीला टेकणारा ठसा किती मोठा, हे मुख्यतः चाकावरचं वजन आणि आतली हवा ठरवते. रुंदी वाढवली की ठशाचा आकार बदलतो: लांबट होता तो आखूड आणि रुंद होतो. वळणात हा आकार फायद्याचा. रुंद टायरमध्ये रबरही जास्त असतं, त्यामुळे तो उष्णता जास्त पचवतो. ट्रॅकवर ही जमेची बाजू. पण हलकी गाडी, गार दिवस आणि मिनिटभराची फेरी असेल, तर तोच रुंद टायर तापतच नाही आणि अरुंद टायरवाला पुढे निघून जातो.

दुसरं म्हणजे रिम. प्रत्येक साइझला ठरावीक रुंदीचे रिम मंजूर असतात. २२५/४५ आर१७ साठी (रुंदी २२५ मिलिमीटर, साइडवॉलची उंची रुंदीच्या ४५ टक्के, रिमचा व्यास १७ इंच) साधारण ७ ते ८.५ इंच. अरुंद रिमवर रुंद टायर कोंबला की साइडवॉल बाहेर फुगते, वळणात टायर खांद्यावर लोळतो, आणि स्टिअरिंग वळवल्यानंतर गाडी क्षणभर विचार करून मग वळते. माझ्या मते रिम न बदलता एक माप रुंद घेण्यापेक्षा त्याच मापाचा चांगला टायर मंजूर पट्ट्यातल्या रुंद रिमवर बसवला तर जास्त फरक पडतो. साइडवॉल ताठ उभी राहते आणि गाडी सांगाल तेव्हा वळते.

व्यासही तपासा. २२५/४५ आर१७ ची उंची येते सुमारे ६३४ मिलिमीटर, २४५/४० आर१७ ची सुमारे ६२८. फरक एका टक्क्याचा, गिअर किंचित आखूड झाल्यासारखे वाटतील एवढाच. यापेक्षा बराच फरक असेल तर स्पीडोमीटर, एबीएस आणि चाकाच्या कमानीत घासणं, तिन्ही गोष्टी बघाव्या लागतात. चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाड्यांत पुढच्या-मागच्या टायरांचा घेर जुळता ठेवा, नाहीतर डिफरन्शिअल विनाकारण राबत राहतं.

हवा किती ठेवू?

सगळ्यात स्वस्त सुधारणा हीच आहे, आणि लोक नेमका इथेच आळस करतात. एक चांगला गेज विकत घ्या आणि नेहमी तोच वापरा. दोन गेज दोन गोष्टी सांगतात.

आधी एक समजून घ्या: तुम्हाला हवी आहे ती गरम हवा, म्हणजे सेशन संपताना टायरमध्ये असणारा दाब. समजा सकाळी २५ अंशांना तुम्ही २८ पीएसआय भरली. सेशनमध्ये टायरमधली हवा ७० अंशांना गेली, तर दाब साधारण ३४ पीएसआयवर पोचतो. ही वाढ टायर चांगला किंवा वाईट असल्याने होत नाही. बंद जागेत वायू तापला की दाब वाढतोच. म्हणून दाराच्या चौकटीवर लिहिलेला आकडा भरून ट्रॅकवर गेलात तर तिसऱ्या लॅपला टायर फुगून मधल्या पट्टीवरच चालत असतो.

बहुतेक मध्यम वजनाच्या गाड्यांसाठी गरम असताना ३२ ते ३६ पीएसआय हा शोधाचा पट्टा धरा. सेशन संपवून आत आलात की लगेच, गाडी उभी राहताक्षणी मोजा आणि चारही टायर ठरवलेल्या आकड्यावर आणा. पाच मिनिटं गप्पा मारून मग मोजलेला आकडा निरुपयोगी. डावीकडची वळणं जास्त असतील तर उजवीकडचे टायर जास्त तापलेले सापडतील, त्यांची हवा जास्त सोडावी लागेल. दिवस संपला की मात्र पुन्हा भरायला विसरू नका. गरम टायरमधून सोडलेली हवा गार झाल्यावर धोकादायकरीत्या कमी झालेली असते आणि घरी जायचा रस्ता अजून बाकी असतो.

ऑटोक्रॉसला हिशेब वेगळा. तिथे वाढ थोडीच होते, म्हणून सुरुवातच हव्या त्या आकड्याच्या जवळ करायची. खडूची युक्ती जुनी आहे पण चालते: टायरचा खांदा आणि साइडवॉल जिथे मिळतात तिथे आडव्या रेघा मारा, एक फेरी मारून या. खांद्यावर बऱ्याच टायरांना बारीक त्रिकोण कोरलेला असतो. खडू त्या त्रिकोणाच्या खालपर्यंत पुसला गेला तर टायर लोळतोय, हवा वाढवा. त्रिकोणापर्यंत पोचलाच नाही तर कमी करा.

नायट्रोजन भरू का?

गरज नाही. दाबाचा चढउतार गोंधळाचा होतो तो हवेतल्या ओलाव्यामुळे. कंप्रेसरची हवा कोरडी असली की झालं.

तापमान मोजायला इन्फ्रारेड गन पुरेशी आहे?

नसण्यापेक्षा बरी. पण ती फक्त वरची साय मोजते, आणि पिट लेनमधून सावकाश येईपर्यंत ती साय गार झालेली असते. सुई रबरात दोन-तीन मिलिमीटर घुसवून मोजणारा पायरोमीटर खरं सांगतो. प्रत्येक टायर तीन ठिकाणी मोजा: आत, मधे, बाहेर. मधला भाग सगळ्यात गरम असेल तर हवा जास्त. दोन्ही कडा गरम आणि मध्य गार असेल तर कमी. बाहेरची कड आतल्यापेक्षा गरम असेल तर कॅम्बर (चाकाचा वरच्या बाजूने आत दिलेला कल, तो उणे अंशांत मोजतात) कमी पडतोय. आतली कड थोडी गरम असणं चांगलं, कारण सरळ रस्त्यावर येताना तीच टेकलेली असते.

माझ्या टायरचा फक्त बाहेरचा खांदा झिजतो. टायर खराब आहे का?

हीच शंका मलाही आली होती. पुढच्या चाकांना ताकद असलेली माझी छोटी हॅचबॅक, नवे कोरे चिकट टायर, आणि जसं आलं होतं तसंच अलाइनमेंट. संध्याकाळी चाकं काढली तर आतल्या बाजूची नक्षी दुकानातून आणल्यासारखी आणि बाहेरच्या खांद्याला आतले धागे दिसायला लागलेले. एका दिवसात. मी दोन आठवडे टायरला शिव्या दिल्या. मग एका जुन्या जाणत्याने वळणात काढलेला माझ्याच गाडीचा फोटो दाखवला. बाहेरचं पुढचं चाक असं बाहेर कललं होतं की टायर पायाच्या कडेवर चालणाऱ्या माणसासारखा दिसत होता.

साध्या गाड्यांना पुढे कॅम्बर जेमतेम उणे अर्धा ते एक अंश दिलेला असतो. मॅकफर्सन स्ट्रट या प्रकारचं सस्पेन्शन असलेल्या गाड्यांत बॉडी कलली की तोही पुरत नाही. ट्रॅकवर चिकट टायर लावायचे असतील तर पुढे उणे दोन ते तीन अंशांच्या आसपास जावं लागतं. कॅम्बर बोल्टने साधारण एक-दीड अंश मिळतो, त्याहून जास्त हवं असेल तर कॅम्बर प्लेट. नवा टायर संच घेण्याच्या पैशात आधी हे करा. रोजच्या रस्त्यावर उणे दोन अंशांनी टायरची आतली कड खाल्ली जाईल अशी भीती असते, पण कड खाते ती मुख्यतः चुकीची टो, म्हणजे वरून पाहिल्यावर चाकं आत किंवा बाहेर वळलेली असणं. टो शून्याजवळ ठेवलीत तर त्रास बराच कमी होतो.

आणि झिजलेले टायर वाचवायचे असतील तर: ठरावीक दिशेने फिरणारे असतील, तर रिमवरून उतरवून, उलटून दुसऱ्या बाजूच्या चाकावर चढवता येतात. दिशा तीच राहते आणि झिजलेला खांदा आत जातो. आत-बाहेर वेगळी नक्षी असलेल्या टायरांना ही सोय नाही, त्यांची बाहेरची बाजू बाहेरच ठेवावी लागते. टायर निवडताना हा मुद्दा कोणी सांगत नाही. ज्याच्या गाडीत कॅम्बर मिळतच नाही, त्याच्यासाठी हा निर्णायक ठरू शकतो.

नवे टायर बसवून थेट ट्रॅकवर उतरू?

थोडा धीर धरा. नव्या टायरवर साच्यातून सुटण्यासाठी वापरलेल्या पदार्थाचा पातळ थर असतो, तो आधी रस्त्यावर घासून जाऊ द्या. मग पहिलं सेशन मुद्दाम निम्म्या जोरात करा, टायर सगळीकडून सारखे तापू द्या, आणि शक्य असेल तर त्यानंतर एक पूर्ण दिवस विश्रांती द्या. या पहिल्या तापण्या-निवण्यात रबरातले कमजोर बंध तुटून नव्याने जुळतात आणि टायर पुढे एकसारखा वागतो. शंभराच्या खालच्या टायरांना याचा फायदा ठळक दिसतो, साध्यांना कमी.

काही जण नवी नक्षी खरवडून पातळ करून घेतात. पटायला जड जातं, पण खोल नक्षीचे ठोकळे डुलून तापतात आणि तुटतात. पातळ नक्षी स्थिर राहते. मग तुमच्या लक्षात येईल की अर्ध्या झिजलेल्या टायरवर लॅप टाइम चांगला येतो तो योगायोगाने येत नाही.

किती टिकतील?

याचं एका आकड्यात उत्तर देणारा माणूस तुमची गाडी, ट्रॅकचं डांबर आणि तुमचा उजवा पाय, तिन्ही ओळखत नाही. निवृत्तीची लक्षणं मात्र सांगता येतात. रस्त्यावरचे आणि बरेचसे २००वाले टायर शेवटपर्यंत बऱ्यापैकी पकड देतात, म्हणजे नक्षी संपली की संपले. शर्यतीच्या रबराचं उलटं: नक्षी शिल्लक असते पण वारंवार तापून-निवून रबर कडक होतं आणि वेळ वाढत जाते. नखाने दाबून पाहा, नव्याशी तुलना करा.

दिवसभरात प्रत्येक सेशननंतर टायरवरून तळहात फिरवा. नक्षीचे तुकडे निघणं, पृष्ठभागावर फोड येणं, खांद्याला आतले धागे दिसणं, यातलं काहीही आढळलं तर त्या दिवसापुरता खेळ संपला. पृष्ठभागावर रबराचे बारीक गोळे चिकटलेले दिसले तर घाबरू नका. ते ट्रॅकच्या कडेला पडलेलं इतरांचं रबर असतं, पुढच्या लॅपला निघून जातं.

पाऊस आला तर?

ज्या टायरवर कोरड्यात बढाया मारल्या, त्याच टायरवर सावकाश चालवा. २००वाल्यांना खाचा कमी आणि उथळ असतात. साचलेल्या पाण्यात टायर तरंगायला लागण्याच्या वेगाचा एक जुना अंदाज विमानांच्या चाकांवरच्या अभ्यासातून आला आहे: पीएसआयमधल्या दाबाचं वर्गमूळ काढून नऊने गुणा, उत्तर नॉटमध्ये. ३६ पीएसआयला येतात ५४ नॉट, म्हणजे ताशी १०० किलोमीटर. गाडीच्या टायरला हे तंतोतंत लागू नाही, झिजलेल्या नक्षीवर वेग आणखी खाली येतो. पण ट्रॅकच्या सरळ पट्ट्यावर आपण त्याच्या कितीतरी वर असतो, हे लक्षात यायला पुरेसं आहे.

हवेबद्दल एक बारीक गोष्ट. पावसात टायर तापत नाही, त्यामुळे सकाळची कमी भरलेली हवा गरम आकड्यापर्यंत पोचतच नाही. २८ भरून गेलात तर तीसच्या आसपासच राहाल, खाचा मिटतील. पाऊस दिसला की गारच थोडी वाढवून घ्या.

पैसे कमी आहेत. दोनच चांगले टायर घेतले तर पुढे लावू की मागे?

दोन घेऊच नका. पुढे चिकट आणि मागे निबर केलंत तर पुढचं टोक वळणात घट्ट धरतं आणि मागचं सटकतं, तेही नेमकं ब्रेक मारत वळताना. हौशी माणसाची गाडी फिरते ती इथेच. मागे चिकट लावलेत तर गाडी सुरक्षित पण वळायला तयार नाही. त्यापेक्षा एक पायरी खालचे चार घ्या.

जुन्या साठ्यातले किंवा कोणीतरी वापरलेले स्वस्तात मिळतायत. घेऊ?

साइडवॉलवर डॉट क्रमांकाच्या शेवटी चार आकडे असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. चिकट रबर वापरलं नाही तरी कडक होत जातं, म्हणून तीन-चार वर्षं गोदामात पडलेला शर्यतीचा टायर मी सवलतीतही घेत नाही. वापरलेले टायर सरावाला चालतात. तरी किती किलोमीटर चालले ते विचारण्यापेक्षा किती वेळा तापले ते विचारा, आणि आतून पाहिल्याशिवाय बसवू नका. हवा कमी असताना दामटवलेल्या टायरच्या साइडवॉलला आतल्या बाजूला चुरा झालेलं काळं रबर सापडतं.

गाडी जड आहे, इलेक्ट्रिक आहे. वेगळं काही?

लोड इंडेक्स आधी बघा. ९१ म्हणजे एका टायरवर ६१५ किलो, ९४ म्हणजे ६७०. कारखान्याने दिलेल्यापेक्षा खाली जाऊ नका. जड गाडी टायरला जास्त उष्णता देते, म्हणून पटकन तापणाऱ्यापेक्षा तग धरणारा निवडा आणि सेशन छोटं ठेवा.

हेच टायर रोज वापरले तर?

वापरता येतात, सोसता आले तर. खडे उडवतात, आवाज करतात, इंधन खातात. सुमारे ७ अंशांच्या खाली उन्हाळी रबर कडक होऊ लागतं आणि सकाळच्या पहिल्या वळणाला तोंडचं पाणी पळवतं. गोठणबिंदूच्या बऱ्याच खाली गेलं तर अतिचिकट टायर नुसते उभ्या गाडीवरही तडकू शकतात.

परवडलं तर दुसरा रिम संच घ्या, टायर त्यावरच चढवून ठेवा. ट्रॅकवर पोचून चाकं बदलली की नट टॉर्क रेंचने गाडीच्या पुस्तिकेतल्या आकड्यावर आवळा आणि पहिल्या सेशननंतर, चाकं निवल्यावर, पुन्हा एकदा तपासा. त्याच वेळी ब्रेक ऑइलचं वय आठवा. नव्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, ओलावा शोषल्यावर प्रमाणकानुसार तो १५५ पर्यंत उतरू शकतो, आणि चिकट टायर ब्रेकला तिथवर नक्की नेतात.

हंगाम संपल्यावर कसे ठेवू?

धुऊन, पूर्ण वाळवून, काळ्या पिशवीत हवा काढून बांधा. ऊन लागणार नाही अशा जागी ठेवा, फ्रिज किंवा मोटर चालू असते त्या कोपऱ्यात नको, कारण विजेच्या ठिणगीतून तयार होणारा ओझोन रबर खातो. रिमसकट असतील तर एकावर एक आडवे, नुसते टायर असतील तर उभे. चमकवणारा कुठलाही द्रव लावू नका. आणि प्रत्येक टायरवर खडूने कुठल्या चाकाचा ते लिहून ठेवा. पुढच्या हंगामात ते आठवत नाही.